दाराकडे वळणारी मान

सलूनमध्ये दोन खुर्च्या. आतली थोरल्याची, दाराजवळची धाकट्याची. वडील गेल्यावर भावांनी ही वाटणी न भांडता केली. दाढ्या सगळ्या धाकट्याकडे आल्या, कारण त्याचा वस्तरा गालावरून फिरला तरी गिऱ्हाइकाची डुलकी मोडत नसे.

मग त्याची मान डावीकडे वळायला लागली. आधी जराशी, कुणी हाक मारल्यासारखी. पुढे पुढे हनुवटी थेट खांद्यावर. हातात वस्तरा, पुढ्यात कुणाचा तरी गळा, आणि हा पठ्ठ्या बघतोय रस्त्यावर.

"अरे, माझ्याकडे बघ की," पोस्टमन एकदा फेसाळल्या तोंडाने म्हणाला. "रस्त्यावर कोण चाललंय ते मी तुला नंतर सांगतो."

लोक हसले. पण तेव्हापासून दाढीवाले आतल्या खुर्चीसाठी ताटकळू लागले.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मान आखडली म्हणून पट्टा आणि दुखण्याच्या गोळ्या दिल्या. मान वळायची थांबली नाही, पट्ट्याने कातडी मात्र सोलवटली. त्यातच धाकट्याच्या ध्यानात आलं, की गालाला एक बोट नुसतं टेकवलं तरी मान सरळ होते. जोर लावावा लागत नाही. रिकामा असला की तो बोट लावूनच बसायचा. पण दाढीला दोन्ही हात लागतात. एकाने कातडी ताणायची, दुसऱ्याने वस्तरा धरायचा.

थोरल्याने ते बोट पाहिलं आणि त्याची सटकली.

"एका बोटाने सरळ होते, मग बोटाशिवाय का होत नाही? दुपारी बाकड्यावर घोरतोस तेव्हा बरी जागेवर असते. कामाचा कंटाळा आला असेल तर तसं सांग. गिऱ्हाइकांपुढे ही नाटकं नकोत."

"दादा, मी मुद्दाम करत नाही."

"मग काय मान मुद्दाम करते?"

थोरल्याने सांगून टाकलं, महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही तर ती खुर्ची दुसऱ्या कारागिराला.

धाकट्याच्या बायकोने चौकशा करून मोठ्या दवाखान्यात मज्जातंतूंच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली. तिथे धाकटा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला.

"कशाने कमी होतं?" बाईंनी विचारलं.

"कशानेच नाही."

"झोपेत?"

"तेव्हाही असंच."

"काहीतरीच काय सांगताय?" बायको म्हणाली. "झोपेत सरळ असते, मी बघते ना. आणि बाई, गालाला बोट लावलं की लगेच जागेवर येते. मोठे भावजी त्यावरनं नाटकी म्हणाले, म्हणून इथे लपवतायत."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "लावा बघू बोट."

त्याने लावलं. मान सरळ झाली. चोरी पकडल्यासारखा तो बसून राहिला.

"हेच मी शोधत होते," बाई म्हणाल्या. "या आजाराची ही चांगली खूण आहे. सांगितलं नसतंत तर मला जास्त वेळ लागला असता."

आजाराचं नाव डिस्टोनिया. मेंदूकडून मानेच्या स्नायूंना नको तेव्हा आवळायचे हुकूम जातात. स्पर्शाने ते थोडा वेळ सैल पडतात, झोपेत बहुधा शांत होतात. बाईंनी नेमके आवळणारे स्नायू हेरून त्यांत इंजेक्शनं देऊ म्हणून सांगितलं. गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतील, काही महिन्यांनी तो उतरेल, मग इंजेक्शनं पुन्हा घ्यायची. कायमचं जाईल असं त्या म्हणाल्या नाहीत.

बायकोने हे सगळं थोरल्याला ऐकवलं. तो कात्री पुसत राहिला.

इंजेक्शनांनंतर काही दिवस धाकट्याला घास गिळायला जड गेलं. मग मान सैल पडली; अगदी सरळ नाही, पण कामापुरती. महिना संपला, कारागीर काही आला नाही. एका सकाळी थोरल्याने दाढीचा टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकला. "तुझ्या दाढ्या तू सांभाळ. माझी कंबर धरलीये."

माफी वगैरे कुणी मागितली नाही.

पुढे काही महिन्यांनी धाकटा एका मास्तरांची दाढी करत होता. मास्तर डोळे मिटून होते. थोरला हातातली कात्री ठेवून उठला आणि भावाच्या हातून वस्तरा काढून घेतला.

"मास्तर, उरलेली मी करतो. आणि तू जा, बाईंची वेळ घेऊन ये. सुरू झालंय तुझं."

"अजून चालतंय की, दादा."

"तुला नाही कळायचं. मला इकडून दिसतंय."

धाकट्याने हात पुसले आणि तो दवाखान्याकडे निघाला.