दोऱ्याचा झोल

श्रीलंकेतल्या रत्नपुऱ्यात जुन्या मोटारीत पाणी शिरू लागले की लोक मार्थेलिस बासकडे जातात. बास म्हणजे कारागीर; इंजिन खोलणारे गावात पुष्कळ आहेत, गळती शोधणारे हे एकच. वय एकाहत्तर, कमरेला लुंगीसारखे गुंडाळलेले सारोंग गुडघ्यापर्यंत खोचलेले, कानावर खडूचा तुकडा.

त्यांची रीत ठरलेली. सीट आणि पायपुसणी काढायची, पत्र्याच्या सांध्यांवर खडूची भुकटी चोळायची आणि आत बसून काचा लावून घ्यायच्या. बाहेरून त्यांची बायको सोमावती किटलीने पाणी घालते. आधी दाराच्या खालच्या कडेला, मग हळूहळू वर. "एकदम वरून ओतलं की पाणी खोटं बोलतं," बास म्हणतात, "शिरतं एकीकडून आणि दाखवतं दुसरीकडे." भुकटीवर ओघळ उमटला की आतून काचेवर टकटक होते.

त्यांच्या हातून गेलेली मोटार गळतीसाठी पुन्हा आली नव्हती. माझी मात्र तीन वर्षांत चौथ्यांदा आली. बासनी समोरच्या काचेचे रबर बदलले, दारांची रबरे बदलली, भोके बुजवली. तरीही जोराचा पाऊस झाला की माझा उजवा पाय ओला. बाजारात लोक बासना हसू लागले होते.

"नोना, या खेपेला ओघळ सापडला नाही तर मी दुकानाची पाटी उतरवतो," बास म्हणाले. बाईसाहेब म्हणायचे तिथे ते मला नोना म्हणतात.

"उतरवा," सोमावती म्हणाली. "मला चुलीपाशी आडोशाला पत्रा हवाच आहे."

बास हसले नाहीत. सकाळभर किटल्या रिकाम्या झाल्या, भुकटी पांढरीच राहिली. शेवटी ते बाहेर येऊन फळीवर बसले. सोमावतीने बिनदुधाचा चहा आणि गुळाचा खडा आणून ठेवला, तोही त्यांनी उचलला नाही.

"तुम्ही रोज वही लिहिता ना?" त्यांनी विचारले. "पाय पहिल्यांदा कधी ओला झाला, ते असेल त्यात?"

वह्या मी बरोबरच आणल्या होत्या. "दोन मे एक्याण्णव. त्याआधी कधीच नाही."

"त्याआधी मोटारीला काय केलंत?"

मी पाने मागे उलटली. "तेलपाणी. एक चाक बदललं. चौदा एप्रिल, नवं वर्ष, नवा दोरा बांधला. जुना फार लोंबत होता, हा ताणून नीट केला. मग वीस एप्रिलला..."

बासनी हात वर केला.

सिंहली नव्या वर्षाला रक्षणासाठी भिक्षूंनी मंतरलेला पिरिताचा दोरा माझे यजमान मोटारीलाही बांधत. इंजिनाच्या झाकणाखालून, तारा आत येतात त्या भोकातून, थेट स्टिअरिंगपर्यंत. ते एकोणनव्वदमध्ये गेले. पुढच्या वर्षी आम्ही सण केला नाही. त्याच्या पुढच्या वर्षी दोरा मी बांधला.

बासनी झाकण उघडले आणि दोऱ्याच्या मागोमाग नजर भोकापर्यंत नेली.

"हा मी चारही वेळा पाहिलाय, नोना. दर वेळी हात जोडले आणि भोवतीनं लांबी लावून भोक बुजवलं. किटली या कोपऱ्यात आणू दिली नाही. पिरिताच्या दोऱ्यावर पाणी कसं ओतायचं? पाणी यायच्या सगळ्या वाटा शोधल्या, ही वाट म्हणून बघितलीच नाही." मग बायकोला म्हणाले, "ओत इथे. अगदी बारीक धार."

"मी नाही बाई. पाप कोण घेणार?"

"पाऊस तीन वर्षं ओततोय. त्याला विचार काय लागलं ते."

ते आत जाऊन बसले. सोमावतीने दोऱ्याला नमस्कार केला आणि धार धरली. बराच वेळ काहीच झाले नाही. मग काचेवर टकटक झाली.

बास आता कात्री मागतील असे मला वाटले. "कापू देणार नाही," मी आधीच सांगून टाकले.

"कापायला कोण सांगतंय? तुमचे साहेब तारखात्यात होते ना? ती माणसं घरात तार घेताना भोकाच्या अलीकडे खाली झोल सोडतात. पाणी झोलाच्या तळाशी येऊन तिथूनच टपकतं, चढून आत जात नाही. साहेबांनी तसाच सोडला असणार. तुम्ही ताणलात."

इतकी वर्षे तो दोरा लोंबतो म्हणून मी यजमानांच्या मागे लागत असे. ते एवढेच म्हणत, "राहू दे ना." कारण त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही.

माझी गाठ मीच सोडली. पावसाने ती घट्ट बसली होती, वेळ लागला. भोकाखाली चार बोटे झोल सोडून पुन्हा बांधली. बासनी नवी भुकटी चोळली, सोमावतीने दोन किटल्या ओतल्या. भुकटी कोरडी राहिली.

"म्हणजे आडोशाला मी दुसरं काहीतरी बघायचं," सोमावती म्हणाली आणि गार झालेला चहा तापवायला घेऊन गेली.

बासनी गुळाचा खडा तोंडात टाकला. मी मोटारीत बसले तेव्हा ते खिडकीपाशी वाकून म्हणाले, "नोना, पुढच्या नव्या वर्षाला दोरा बांधायला मला बोलवा. तुमचा हात फार नीटनेटका आहे."