उसातले दोन ठिपके

तमाम नागरिकांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पोलिसांच्या ड्रोनने उसात काय पाहावं आणि काय पाहू नये, या बिकट प्रश्नात इनामगावच्या आमच्या चुलतीने मोलाची भर घातलेली आहे.

चुलतीला विसरायचा आजार. अलीकडे तर ती आबांना, म्हणजे सख्ख्या नवऱ्याला, परका पाहुणा समजून पदर सावरायची. आबा तिच्या पुढ्यात चहा ठेवायचे. हिवाळ्यातल्या एका सकाळी ती उसात शिरली आणि दिसेनाशी झाली. शिवारात त्याच दिवसांत बिबट्या फिरत होता.

नशीब असं की, शिरूरला पोलीस आणि एका कॉलेजचे संशोधक मिळून नवा ड्रोन तपासत होते. अंगाची ऊब टिपणारा त्याचा कॅमेरा दाट उसातला माणूस हुडकू शकतो का, एवढंच त्यांना पाहायचं होतं. निरोप जाताच ते आले. फौजदार मॅडमनी ड्रोन वर नेला, पडद्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. उसात जिकडेतिकडे पांढरे ठिपके! अख्खं गाव काठ्या घेऊन आत घुसलेलं. आमच्याकडे माणूस हरवलं की बांधावर उभं राहायची लाज वाटते.

"सगळे बाहेर या!" मॅडम कर्ण्यातून ओरडल्या.

"आन् म्हातारीला कोण हुडकंल? हे चिलट?" शेजारच्या मामांनी उसातूनच विचारलं.

"मामा, चिलटाला तुम्हीच दिसताय! म्हातारी दिसू द्या की!"

कुरकुरत माणसं बाहेर आली. एकेक ठिपका पुसला गेला. शेवटी दोनच उरले, एकमेकांना खेटून. एक स्थिर, दुसरा त्याच्यावर वाकलेला.

"बिबट्या!" कुणीतरी पुटपुटलं. मी आबांना धरायला वळलो, तर आबा बांधावर नव्हतेच.

आम्ही पत्रे बडवत, आरोळ्या ठोकत आत धावलो. पाहतो तर काय, सरीत चुलती बसलेली आणि मॅडमचा हुकूम धाब्यावर बसवलेले आमचे आबा तिच्यावर वाकून, तिचा हात हातात घेऊन तळव्यातलं कुसळ काढतायत. ड्रोन डोक्यावर घोंगावत होता. चुलतीने वर पाहिलं, मग आमच्याकडे, मग आबांकडे. आणि लाजून केवढ्यांदा ओरडली:

"आवं, हात सोडा की! वरनं लोक बघत्यात!"