शेजारच्या खुर्चीतून काढलेला फोटो

खामगावच्या स्टँडवर सकाळची पुण्याची गाडी लागली तेव्हा बाबांनी माझी बॅग स्वतः चढवली, सीटखाली सरकवली आणि खाली उतरून खिडकीशी उभे राहिले. आई रडत नव्हती. ती माझ्या शेजारच्या बाईंना बजावत होती, "पोट्टीकडे लक्ष ठेवजा बरं." त्या बाई जालन्यालाच उतरणार होत्या. बाबा तहसिलीत कारकून. आयुष्यभर लोकांचे अर्ज तपासलेला माणूस, त्यामुळे निरोपसुद्धा कलमवार. "पोचली का फोन करजो. टायमावर जेवजो. अन् तिथं कोनी आपलं भेटलं तं सांगजो, आमाले बरं वाटीन."

कोणी आपलं भेटलं तर. आई-बाबा, ते 'आपलं' मला भेटलं होतं, आणि त्याचं काय झालं हे मी तुम्हाला फोनवर अर्धंच सांगितलं. आज पूर्ण लिहिते. माझ्यासारख्या बॅगा घेऊन इकडे आलेल्या मुलींनीही वाचावं.

हिंजवडीत मला एका खोलीत तिघींमधली एक कॉट मिळाली. दुसऱ्या दोघी इंदूरच्या, हिंदीत बोलणाऱ्या, चांगल्याच होत्या. ऑफिसात पहिल्या आठवड्यात मी कँटीनमध्ये "मले नको" म्हणाले आणि टेबलावरचे चौघे हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. त्यानंतर मी तोंड उघडण्याआधी वाक्य मनात तपासायला लागले. सहा महिन्यांत माझं मराठी पाठ्यपुस्तकासारखं झालं आणि मी बोलेनाशीच झाले. रविवार तर अंगावर यायचा. अशाच एका रविवारी, बालेवाडीला टेनिसचे सामने आहेत आणि तिकीट नाही, एवढं कळल्यावर मी निघाले. टेनिस मी तोवर फक्त टीव्हीवर पाहिलं होतं.

कडेच्या कोर्टावर जेमतेम वीस माणसं होती. एक डावखुरी मुलगी हरत होती. माझ्याच वयाची, खांद्याला निळ्या पट्ट्या चिकटवलेली, स्वतःची बॅग स्वतःच ओढत आलेली. चुकीचा फटका गेला की ती भिंतीकडे तोंड करून स्वतःशी बोलायची, "चल गं, चल. काही झालेलं नाहीये." अगदी स्वच्छ मराठीत. मला वाटलं, ही मलाच सांगतेय. तिचं नाव केतकी. तो सामना ती हरली, पण मी तिची झाले.

दुसऱ्या दिवशी मी सुट्टी टाकून पुन्हा गेले, तिचा दुहेरीचा सामना बघायला. तिथे अरविंदकाका भेटले. बँकेतून निवृत्त, कोथरूडला घर, डोक्यावर पांढरी टोपी, स्वतः क्लबात टेनिस खेळलेले. मी चुकीच्या वेळी टाळी वाजवली तेव्हा म्हणाले, "बाई, तो डबल फॉल्ट होता, पॉइंट गेला तिचा. शोकसभेत टाळ्या वाजवतात का?" मी ओशाळून हसले. मग त्यांनी तासभर मला खेळ समजावला. डावखुऱ्याची सर्व्हिस बाहेरच्या बाजूला का पळते, पाय आधी का हलायला हवा, सगळं. निघताना त्यांनी मला केतकीच्या चाहत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतलं. आम्ही अकरा जण होतो. बाई मी एकटीच.

त्या वर्षी मी केतकीच्या मागे मागे जगले. ती बंगळुरूला पात्रता फेरी खेळली तेव्हा मी मीटिंगमध्ये मोबाइल मांडीवर ठेवून स्कोअर बघत होते. इंदूरला तिने देशातल्या पहिल्या दहांतल्या मुलीला हरवलं तेव्हा मी पॅन्ट्रीत एकटीच नाचले. रविवारी अरविंदकाकांकडे जमायचं, लॅपटॉपवर एकाच कॅमेऱ्यातून दिसणारा अंधुक सामना बघायचा आणि शुभाकाकूंच्या हातचं जेवायचं. मला डेंग्यू झाला तेव्हा काका रिक्षा घेऊन हिंजवडीला आले. नऊ दिवस मी त्यांच्या कॅनडातल्या मुलीच्या खोलीत झोपले. काकू मऊ भात कालवून द्यायच्या. बाबा, तेव्हाच मी तुम्हाला फोन केला होता, "कोनी आपलं भेटलं" म्हणून. तुम्ही काकूंशी बोललात, आणि आईने कुणाच्या तरी हाती डाळीच्या वड्या पाठवल्या.

आता जे लिहायचं ते लिहिताना अजूनही माझ्या तोंडाला कडू पाणी सुटतं.

ग्रुपवर आधी खेळाचंच बोलणं असायचं. मग केतकी दोन-तीन स्पर्धांत लागोपाठ पहिल्या फेरीत हरली आणि सूर बदलला. तिचं वजन. तिच्या मांड्या. लग्न लावून द्या म्हणजे बॅकहँड सुधारेल, वगैरे. कुणीतरी सर्व्हिस करतानाचे तिचे फोटो मोठे करून टाकू लागलं. एकदा ती हरल्यावर काकांनी लिहिलं, "आज खेळ दिसला नाही, बाकी सगळं दिसलं." त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्या रांगेत एक चेहरा माझा होता.

मी का हसले? मला ते विनोदी वाटलं नव्हतं. पण रविवार जाईल, ते ताट जाईल, ती माणसं जातील, असं वाटलं आणि बोट दाबलं गेलं. "दाबलं गेलं" हेही खोटंच. मी दाबलं.

वर्षाच्या शेवटी डेक्कनजवळच्या एका क्लबात स्पर्धा होती. केतकी दुसऱ्या फेरीत हरली. पोटात कळा येत होत्या हे तिच्या चालण्यावरून मला कळत होतं. माझ्या शेजारच्या रांगेत मात्र त्यावरही काहीतरी कुजबुजलं गेलं आणि हशा पिकला. मी उठून बाथरूमकडे गेले. ती आत होती. बेसिनला दोन्ही हात टेकवून उभी.

"छान खेळलात," मी म्हणाले.

तिने आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही त्या पांढऱ्या टोपीवाल्या काकांबरोबर बसता ना?"

मला आनंद झाला, आई. तिने मला ओळखलं म्हणून. मी हो म्हणाले. तिने मोबाइल काढला आणि माझ्यासमोर धरला.

खोट्या नावाचं एक अकाउंट होतं. आठ महिने ते तिला, तिच्या आईला, तिच्या प्रायोजकांना तिचे फोटो पाठवत होतं आणि खाली जे लिहीत होतं ते मी इथे लिहिणार नाही. त्यातलं एकच सांगते, कारण ते तुम्हाला आधीच माहीत आहे. आज खेळ दिसला नाही, बाकी सगळं दिसलं. स्वल्पविरामासकट.

तिने एक फोटो बोटांनी मोठा केला. ती दिसत होती तो भाग नव्हे, कोपरा. तिथे खुर्चीच्या हातावर एक हिरवी बाटली होती, झाकणाला लाल दोरा बांधलेली. ती बाटली त्या क्षणी माझ्या हातात होती.

"सॉरी," मी म्हणाले. "मला खरंच..."

"सॉरीचं मी काय करू?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, नुसता थकलेला होता. "तुम्हाला बरं वाटेल फक्त. मी तक्रार करतेय. हा फोटो कुठल्या मॅचचा, कुठल्या खुर्चीतून काढलाय, शेजारी कोण होतं, हे लिहून द्याल?"

आणि मी काय म्हणाले असेन? "विचार करून सांगते."

तिने मान हलवली, जणू हेच उत्तर येणार हे तिला ठाऊकच होतं, आणि बॅग उचलून गेली. जाण्याआधी तिने मागितला तेव्हा नंबर मात्र दिला मी, आणि तिचा घेतला.

रविवारी मी कोथरूडला गेले. काका नाही म्हणतील, दुसऱ्याच कुणाचं तरी नाव निघेल, अशी मला आशा होती. काका पेपर वाचत होते. मी ते अकाउंट उघडून समोर ठेवलं. "काका, हे तुमचं आहे का?"

त्यांनी चष्मा वर केला, फोटो नीट पाहिला. "ही बाटली तुझी ना? मग फोटोही तूच काढला असशील."

मी मोबाइल परत ओढून घेतला.

"अगं, घाबरलीस की काय?" ते हसले. "चेष्टा असते. आखूड कपडे घालून चारचौघांत खेळायचं आणि लोकांनी डोळे मिटून टाळ्या वाजवायच्या, अशी तुमची अपेक्षा दिसते. आणि तूही हसली होतीस, विसरलीस? आहे माझ्याकडे सगळं जपून."

काकू थालीपीठ घेऊन आल्या, वर लोण्याचा गोळा. मी त्यांच्याकडे पाहिलं. वाटलं, आता या काहीतरी बोलतील.

"गरम आहे तोवर खाऊन घे," काकू म्हणाल्या. "हा विषय नको आता. मी यांना सांगितलंय, स्वतःच्या नावाने काही लिहीत जाऊ नका म्हणून."

त्यांना माहीत होतं. लोणी वितळून ताटात पसरत होतं. मी ताट दूर सारलं. ज्या हातांनी मला मऊ भात कालवून दिला, त्याच हातांनी त्या माणसाला लपायची युक्ती दिली होती. मला ती नऊ दिवसांची खोली आठवली. तापात मी कशी पडलेली असेन, दार उघडं असायचं की लोटलेलं, काका चौकशीला यायचे तेव्हा हातात मोबाइल असायचा का. काही आठवेना. आजही आठवत नाही, आणि ते न आठवणंच मला सगळ्यांत जास्त किळसवाणं वाटतं.

मी चपला घातल्या. मागून काका म्हणाले, "थालीपिठाचा काय गुन्हा?" मी ऐकलेला हा त्यांचा शेवटचा विनोद.

त्याच दुपारी मी केतकीला लिहून दिलं. सामना, वार, रांग, खुर्ची, डावीकडे कोण. ग्रुपवरच्या सगळ्या संदेशांच्या प्रती जोडल्या, माझ्या हसऱ्या चेहऱ्यासकट. तो वगळावा असं क्षणभर वाटलं होतं. केतकीचं उत्तर आलं, "मिळालं." त्यापुढे एक अक्षर नाही. ग्रुपवरून मला काढलं. त्याआधी एकाने लिहिलं, "खाल्ल्या घरचे वासे मोजणारी."

काय झालं पुढे? फार काही नाही. काकांना पोलिसांनी दोनदा बोलावलं, त्यांनी माफीनामा दिला, अकाउंट बंद झालं, क्लबाने त्यांना वर्षभर आत यायला मनाई केली. केतकी सोलापूरला उपांत्य फेरीपर्यंत पोचली. मी गेले नाही. मी प्रेक्षकांत दिसावं असं तिला वाटत असेल, असं मानायचं मला काही कारण नाही. स्कोअर मात्र बघितला.

तुम्हाला सांगितलं तेव्हा आई, तू आधी म्हणालीस, "त्यायच्या घरी जेवली नं तू नऊ दिवस?" ते मला फार लागलं. आपल्या घरातूनही तेच वासे. मग बाबांनी फोन घेतला. "लिहून देल्लं? खाली सही केली?" मी हो म्हणाले. "मंग झालं," बाबा म्हणाले.

गेल्या महिन्यात मी हॉस्टेल बदललं. जुन्या हिंजवडी गावातलं घर, वरच्या मजल्यावर मुलींच्या खोल्या. मालकीणबाईंनी फॉर्म पुढे केला. एका रकान्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ह्ये ऱ्हायलं. पुण्यातलं पालक कोन हाय?"

"पुण्यात कुणी नाही."

"कुनीच न्हाय? इतकं दिस ऱ्हातीस आन् कुनी आपलं म्हनून न्हाय?" त्यांनी माझ्याकडे खालीवर पाहिलं. "बरं, माझा नंबर लिव्ह. काय झालं तर मलाच यावं लागनार हाय."

चांगल्या मनाने म्हणाल्या असतील. पण माझा हात पुढे गेला नाही. चांगल्या मनाचं जेवण मी जेवून बसले होते.

"माझ्या वडिलांचा लिहिते," मी म्हणाले.

"खामगावास्नं यायला त्यास्नी दिवस लागंल की."

"लागू दे," मी म्हणाले आणि बाबांचा नंबर लिहिला.