विनयाची कॉफी आणि पत्रेवाला

निवृत्त कारकुनाकडं किस्से साठतातच. ऑफिसात नको असलेला कागद शेजारच्या टेबलावर सरकवता येतो. घरी बसल्यावर किस्सा सरकवायला टेबलच उरत नाही! त्यातून शहापूरच्या आम्हा चार रिकाम्या म्हाताऱ्यांची बैठक हल्ली सापगावला विनयाच्या कॉफीच्या दुकानात भरते. साठा फार झालाय.

विनया म्हणजे सापगावचे आमचे जुने स्नेही दादा, त्यांची सून. कल्याणला एका कॉफीच्या दुकानात काम शिकली आणि तिनं घराच्या रस्त्याकडच्या खोलीत मशीन आणून बसवलं. खोली दादांची. दादा म्हणाले, "भाताची झोडणी होईपर्यंत चालव. नाय चाललं तर खोली पत्रेवाल्याला." छपराचे पत्रे विकणारा हा पत्रेवाला गोदामासाठी जागा शोधतच होता. त्या दिवसापासून विनया गिऱ्हाइकांकडं आणि दादा ओटीवर बसून विनयाकडं बघू लागले. कॉफी मात्र त्यांनी तोंडाला लावली नाही.

*

पहिल्याच दिवशी पाटीवरची चार नावं वाचून आम्ही विचारलं, "यात फरक काय गो?"

विनयानं समजावलं. मूळ काढा एकच. लाटेत दूध भरपूर, वर फेस थोडा. कापुचिनोत दूध कमी, फेस जास्त. फ्लॅट व्हाइटचा कप लहान, म्हणून कॉफी कडक आणि फेस नावापुरता. माकियातोत दुधाचा नुसता ठिपका.

आमचे गजाननराव आस्थापना शाखेत जन्म घालवलेले. म्हणाले, "समजलं. साहेब तोच, फक्त खातं बदलतं!"

त्यांनी माकियातो मागवला. बोटभर कप आला. एका घोटात संपवून गजाननराव दहा मिनिटं हात बांधून बसले. शेवटी विनयानं विचारलं, "काका, काही हवंय का?"

"नमुना पसंत आहे," ते म्हणाले. "आता माल येऊ दे!"

*

धसईचे पांडूभाऊ आमच्या बैठकीचे पाहुणे सदस्य. चहा असो, दूध असो, बशीत ओतल्याशिवाय पीत नाहीत. त्यांनी कापुचिनो बशीत ओतला. कॉफी बशीत आली, फेस कपातच राहिला. भाऊंनी कप उलटा केला, बुडावर दोन थापट्या मारल्या.

"विनया, अर्धा कप आतच चिकटलाय गो!"

तिनं चमचा दिला. भाऊंनी फेस खरवडून खाल्ला आणि बायकोसाठी डब्यात घालून मिळेल का, अशी चौकशी केली.

*

भाजीच्या पाट्या उतरवून गंगूमावशी एकदा दुकानात टेकल्या. विनयानं मायेनं लाटे केली, वर दुधाचं पान काढलं. मावशी कपाकडं बघत बसल्या. कॉफी निवून गेली.

"मावशी, घ्या ना."

"घेऊ कशी? एवढी रांगोळी काढलीस, नि मी तोंडानं मोडू?"

विनयानं दुसरा कप केला, बिनरांगोळीचा. मावशींनी तो पिऊन टाकला. पहिला पदराखाली झाकून घरी नेला, सुनेला दाखवायला!

*

वाशिंदच्या नव्या सोसायटीतला एक तरुण मोटरसायकल थांबवून आत आला. "ओट मिल्क आहे?"

विनयानं नाही म्हणून मान हलवली. ओटीवरून दादांनी विचारलं, "ओट म्हंजे काय रं?"

"धान्य असतं, काका."

"मंग बस. म्हशीला घालतो. सांजच्याला दूध येल."

दादांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. तो बिचारा साधी लाटे पिऊन गेला. पुढच्या रविवारी मात्र मित्रांना घेऊन आला.

*

रविवार बरे जायचे, मधले वार कोरडे. चाललं म्हणावं की नाही, हे आम्हालाही ठरवता येईना. आणि झोडणी संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रेवाला हातात टेप घेऊन हजर! विनयानं एकदा दादांकडं पाहिलं आणि मशीन पुसायला घेतलं. आधी पुसलेलंच होतं.

"दादा, खोली मोजून घेतो."

"बस आधी," दादा ओटीवरून उठून आत आले. "विनया, याला लाटे दे."

आम्ही चौघांनी कप खाली ठेवले. दादांच्या तोंडून कॉफीचं नाव आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो.

पत्रेवाला प्यायला. टेप उघडायला लागला.

"थांब रे. आता कापुचिनो. फेस बघ, वरच उभा राहतो." तोही प्यायला. "आता ती फ्लॅट व्हाइट. लहान कप, पण कडक."

तिसरा कप संपला. पत्रेवाल्याच्या कपाळाला घाम सुटला होता.

"फरक कळला?" दादांनी विचारलं.

"नाय बा, दादा. मला तिन्ही सारख्याच लागल्या."

दादांनी त्याच्या हातातला टेप काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात टाकला.

"मंग पयल्यापासून घे. विनया, लाटे!"