भट्टीवाल्याकडचा नून

आमच्या गल्लीत पहारमामांना त्यांच्या खऱ्या नावाने फक्त विजेचं बिल ओळखतं. बाकी सगळ्यांचे ते पहारमामा. उंच, सडपातळ, कमरेत न वाकणारे आणि कुणाचं न ऐकणारे. ‘मोडेन पण वाकणार नाही’ ही म्हण लोक एरवी भाषणात वापरतात, मामांनी ती घरात वापरायला काढली. चप्पल घालतानासुद्धा ते वाकत नाहीत. चपलेला पायाने दटावून सरळ करतात.

मामांचा धंदा वेल्डिंगचा. पण खिडकीचे गज करून घ्यायला गेलेला माणूस खिडकीइतकाच मोकळा परत येतो, कारण मामा नेहमी एखाद्या अक्षरात अडकलेले असतात. युद्ध संपून बरीच वर्षं झाली, पण जाताना ते आपलं सामान न्यायला विसरलं. नाल्यात, शेतात, पडक्या भिंतींखाली अजून काही ना काही सापडतं. लोकांनी त्यातलं जमेल ते घरात घेतलं. तोफगोळ्यांच्या पितळी टरफलांत फुलझाडं लावली, रणगाड्याच्या साखळीची कडी दाराला टेकण म्हणून ठेवली. मामा मात्र त्या लोखंडातून अरबी अक्षरं उभी करतात. अल्लाहची नावं, एखादी दुआ, कधी नुसता एक शब्द. त्यांच्या अंगणात इतके शब्द उभे आहेत की मामी वाळत घातलेले कपडे शोधायला वाचत वाचत जातात.

या कामात मामांचा एक नियम होता. लोखंड वाकवायचं नाही. ज्या तुकड्यात जो बाक आधीच आहे, तो हेरायचा आणि तिथे बसवायचा. कारण विचारलं की मामा मान ताठ करून सांगत, “युद्धाने त्याला पुरेसं ठोकलंय. मी आणखी घाव घालणार नाही.”

ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. मामी मात्र आतून म्हणायच्या, “स्वतःला वाकता येत नाही, आणि लोखंडाची दया सांगताहेत.”

आता मामांच्या जिवाला लागलेली गोष्ट सांगायला हवी, आणि ती गोष्ट म्हणजे त्यांचे साडू. मामींच्या थोरल्या बहिणीचे यजमान. अख्खं गाव त्यांना उस्ताद म्हणतं. बोरूने अक्षरं लिहिणारे शेवटचे दोघे-तिघे उरलेत, त्यातले हे. मशिदीच्या घुमटाच्या आतलं सगळं लिखाण त्यांच्या हातचं. तरुणपणी मामा त्यांच्याकडे शिकायला गेले होते आणि पहिल्याच आठवड्यात इतके बोरू मोडले, की उस्ताद म्हणाले, “तू लोखंडाकडे जा. ते तुला पुरून उरेल.”

उस्ताद कुणालाही वाईट म्हणत नाहीत. त्यांना अक्षर आवडलं नाही की त्यांची मान उजवीकडे कलते आणि ते म्हणतात, “ठीक आहे.” किती आवडलं नाही ते मान किती कलली यावरून समजून घ्यायचं. मामांनी आजवर केलेल्या एकूण एक अक्षराला ती मान कललेली आहे. परगावच्या लोकांनी मामांची वाहवा केली, फोटो काढून नेले. मामांना त्याचं काही नाही. त्यांना ती एक मान सरळ झालेली बघायची होती.

म्हणून मशिदीसमोरच्या चौथऱ्यावर एक शब्द उभा करायचं ठरलं तेव्हा मामांनी जीव पणाला लावला. शब्द निवडला ‘अमान’. म्हणजे सुरक्षितता, अभय. अक्षरं चार. दोन अलिफ, म्हणजे दोन उभे दांडे, दोन तोफांच्या नळ्यांतून मिळाले. मीमचा गोल रणगाड्याच्या चाकातून आला. राहिला शेवटचा नून. नून म्हणजे वर तोंड केलेली होडी आणि तिच्यावर तरंगणारा एक ठिपका. ठिपक्यासाठी मामांकडे पोतंभर नट होते. होडी मात्र कुठेच सापडेना.

होडी सापडली ती पाव आणायला गेल्यावर.

गल्लीच्या तोंडाशी भट्टी आहे. भट्टीवाला ज्या डोणीत पीठ मळतो ती डोणी म्हणजे विमानाने टाकून दिलेल्या इंधनाच्या टाकीची अर्धी फाक. युद्धाच्या दिवसांत भट्टीची लाकडी डोणी जळाली, तेव्हा मामांनीच ती टाकी उभी चिरून याला डोणी करून दिली होती. टाकीची दुसरी बाजू पडतानाच चेपून फाटली होती. राखेने कितीही घासली तरी पहिला महिनाभर पावाला रॉकेलचा वास यायचा. लोकांनी तो पाव खाल्ला आणि दुसऱ्या दिवशी परत रांगेत उभे राहिले.

तर त्या डोणीत मामांना नून दिसला. मग त्यांचं भट्टीवर येणं वाढलं. दिवसातून तीनदा पाव घ्यायला लागले. घरात पावांचा ढीग झाला. पण ताकाला जाऊन भांडं किती दिवस लपवणार? शेवटी भट्टीवालाच म्हणाला, “पहार, तू पाव खायला येत नाहीस. तुझी नजर माझ्या डोणीवर आहे.”

“अक्षर आहे ते,” मामा म्हणाले.

“अक्षर असेल तुझ्या घरी. इथे पीठ आहे.”

“दुसरी करून देतो.”

“अगदी अशीच हवी. माझे हात डोळे मिटून मळतात. त्यांना उतार पाठ आहे. बोटभर इकडेतिकडे झालं तर माझे हात रुसतील.”

आता पंचाईत अशी, की तशी डोणी सापडणार नव्हती, करावी लागणार होती. आणि करायची म्हणजे पत्रा वाकवायचा. मामा दोन दिवस अंगणात फेऱ्या मारत राहिले. मग स्वतःच स्वतःला समजावलं, की नियम अक्षरांसाठी आहे, भांड्यांसाठी नाही. लष्करी ट्रकच्या टपाचा पत्रा घेतला, ओंडक्यात खळगा कोरला, आणि पत्रा तापवून तापवून लाकडी हातोड्याने ठोकायला बसले. खाली बसले, हे महत्त्वाचं. मामांना जमिनीवर बसलेलं बघायला शेजारणी भिंतीवरून डोकावून गेल्या.

पहिली डोणी कोंबड्यांना पाणी ठेवायला गेली. दुसरी मामींनी कपडे भिजवायला घेतली आणि म्हणाल्या, “अशाच चुका करत राहा, माझं घर भरतंय.” तिसरी मात्र जमली. भट्टीवाल्याने तिच्यात हात फिरवला, डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाला, “ने जुनी.”

मामांनी जुनी डोणी चौथऱ्यावर चढवली, बोल्ट आवळले, वर बारीक सळईवर ठिपका उभा केला. ‘अमान’ पूर्ण झाला. उस्तादांना रिक्षात घालून आणलं.

उस्तादांची मापं ठिपक्यांची असतात. बोरू एकदा टेकला की पत्त्यातल्या चौकटसारखा जो ठिपका उमटतो, तो त्यांचा गज. चौथऱ्यासाठी त्यांनी पुठ्ठ्याची मोठी चौकट कापून आणली होती. ती अलिफला लावली, मीमला लावली, नूनच्या पोटात फिरवली. मापं बरोबर आली. उस्ताद चार पावलं मागे गेले, चष्मा पुसला, आणि त्यांची मान उजवीकडे कलली.

“ठीक आहे.”

“काय चुकलं, दादा?”

“चुकलं कुठे? ठीक आहे म्हटलं ना.” आणि पुठ्ठा काखेत मारून उस्ताद रिक्षात बसले.

मामा आठवडाभर ताटात येईल ते जेवले. मामींनी मुद्दाम भाजीत मीठ घातलं नाही तरी तक्रार आली नाही, तेव्हा मामी घाबरल्या.

आठव्या दिवशी भट्टीवाला नवी डोणी डोक्यावर घेऊन दारात उभा. “हे घे तुझं भांडं. पीठ एका बाजूला जाऊन बसतं. ठोकताना तुझा हात एका अंगाला जड पडलाय. पोट कललंय तिचं. आणि म्हातारी माणसं म्हणताहेत, पावाची चव गेली. मला वाटतं त्यांना रॉकेल आठवतंय. माझी डोणी मला परत दे.”

मामा भांडले नाहीत. चौथऱ्यावर गेले, बोल्ट सोडले, जुनी डोणी भट्टीवाल्याच्या स्वाधीन केली. चौथऱ्यावर मोकळी जागा दिसायला नको, म्हणून तिथे नवी अडकवून ठेवली. तिच्या शिवणीत पीठ वाळलं होतं, ते धुण्याचंसुद्धा त्यांच्या मनात आलं नाही.

शुक्रवारी नमाज सुटली. उस्ताद बाहेर पडले आणि पायऱ्यांवरच थांबले. मागून येणारे त्यांना वळसा घालून गेले. मामा चौथऱ्यालगतच्या पानपट्टीपाशी उभे होते. त्यांनी आधी मान पाहिली. ती सरळ होती.

उस्ताद चौथऱ्यापाशी आले. नूनच्या पोटावरून तळवा फिरवला. पुठ्ठ्याची आठवणही काढली नाही.

“हा कुणी वाकवला?” त्यांनी विचारलं.

“मीच. म्हणजे तो नून नाही, दादा. भट्टीवाल्याची डोणी आहे. एका बाजूला कललीय, म्हणून त्याने परत केली.”

“कलणारच. विमानाची टाकी दोन्हीकडे सारखी असते. हाताने काढलेला नून तसा नसतो. त्याचं पोट जरा एका अंगाला जातं.” उस्तादांनी वाळलेल्या पिठावर बोट टेकवलं. “आजवर तू अक्षरं वेचत होतास. हे एक लिहिलंस.”

मामांनी पानपट्टीवाल्याकडे पाहिलं, त्याने ऐकलं की नाही याची खात्री करायला. मग म्हणाले, “हे तुम्ही मला इतक्या वर्षांत का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?”

यावर गल्लीतल्या कुणाचंही दुमत होणार नाही.

गोष्ट इथे गोड व्हायला हरकत नव्हती. पण माणूस पहारमामा. दुसऱ्याच दिवशी त्यांनी दोन्ही अलिफ आणि मीम चौथऱ्यावरून उतरवले. उस्ताद म्हणे जाता जाता बोलून गेले, की अलिफसुद्धा पूर्ण सरळ नसतो, कमरेत किंचित झुकलेला असतो. आता मामा तोफेच्या नळीला कमरेत झुकवायला बसले आहेत. चौथऱ्यावर एकटा नून आहे. शिवणीतलं पीठ टिपायला त्याच्यात चिमण्या बसतात. नवखे लोक विचारतात, हे काय आहे? गल्लीतले सांगतात, काम चालू आहे.

परवा मी गेलो तेव्हा नळी अंगणातल्या निखाऱ्यांतून काढून मामा तिला जोर लावत होते आणि ती हलत नव्हती.

“फार हट्टी आहे,” मामा घाम पुसत म्हणाले.

मामी चहाचा कप घेऊन आल्या. नळीकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. “अहो, जोर लावून नाही होत ते. मला विचारा. आधी चांगलं तापू द्यायचं. आपण गप्प राहायचं. मग हळूच, त्याला कळणार नाही असं वळवायचं.”

मामांनी कप घेतला आणि, चहा खाली ठेवायचा होता म्हणून, वाकले.