आधी वाटी, मग सुई

"काकी, ह्याला शुगर आहे," राजारामपुरीतले जनावरांचे डॉक्टर म्हणाले आणि मला चक्क हसू आलं. ज्या आजाराने आमच्या घरात सव्वीस वर्षं मुक्काम केला, तो आता बोक्याच्या रूपाने पुन्हा दारात उभा होता.

बोका माझा नव्हता. आमच्या शिवाजी पेठेतल्या गल्लीत राहणारे रिक्षावाले शौकतभाई यांना तो दूधकट्ट्यामागे सापडला. म्हशी उभ्या करून लोकांना तिथंच ताजं दूध काढून देतात, तो कट्टा. बोक्याच्या पायात नायलॉनची दोरी रुतली होती. पाय बरा झाला, पण बोका खंगत चालला.

"काकी, पाणी किती पितोय बघा की. आन तरीबी वाळतच चाललाय," शौकतभाई म्हणाले. मी लगेच त्यांच्याच रिक्षातून बोक्याला डॉक्टरांकडे नेलं. आमच्या ह्यांचंही असंच सुरू झालं होतं.

डायबेटिस मेलिटस, म्हणजे आपल्याला होते तीच साखर. नुसतं घाबरलं तरी मांजराची साखर चढते, म्हणून फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ताची तपासणी केली. तिच्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज येतो. दोन दिवस रिपोर्टची वाट बघितली. आजार पक्का निघाला.

"रोज दोन वेळा इन्सुलिन. नीट दिलं तर छान जगेल. पण असं मांजर कोण घेत नाही," डॉक्टर म्हणाले. शौकतभाईंच्या घरी दम्याचं माणूस. त्यांना मांजर घरात ठेवता येत नव्हतं.

"सुई मला येते," मी म्हणाले. एवढं बोलले आणि बोका घरी आला. माझ्या प्रत्येक कामावर डोळा ठेवायचा, म्हणून शौकतभाईंनी त्याचं नाव मुकादम ठेवलं.

ह्यांना शेवटची काही वर्षं मीच टोचायची, त्यामुळे माझा हात सराईत होता आणि तोच नडला. त्याआधी आमचे हे स्वतःच सुई टोचून घ्यायचे आणि बाहेरूनच ओरडायचे, "सुई घेतली, ताट वाढ की." मग मी भाकरी टाकायला घ्यायची. ती हाक कानात इतकी मुरलेली, की मुकादमलाही मी आधी टोचायची आणि मग वाटी ठेवायची. डॉक्टरांनी क्रम सांगितला असणार. मी ऐकलाच नव्हता. मला काय शिकवता, असा माझा तोरा.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी सुई दिली आणि मुकादमने वाटीला तोंडच लावलं नाही. खाईल मागून, म्हणत मी कपडे धुवायला गेले. दोन तासांनी बघते तर तो झिंगल्यासारखा चालत होता. मग आडवाच झाला.

हायपोग्लायसेमिया, म्हणजे साखर एकदम उतरणं. ह्यांची उतरली की देण्यासाठी मुरगूडच्या गुऱ्हाळावरून आणलेली काकवीची बाटली फडताळात होती. हे जाऊन तीन वर्षं झाली तरी माझ्याने ती टाकवली नव्हती. बोटाने काकवी मुकादमच्या हिरड्यांना चोळली. शौकतभाईंनी रिक्षा काढली. मांडीवर टॉवेलात बोका आणि मी त्याची माफी मागत होते. आपल्या हाताने मारला, एवढंच डोक्यात होतं.

"काकी, कान हलवतोय बघा," शौकतभाई आरशात बघून म्हणाले.

सलाईनवर ठेवून डॉक्टरांनी त्याला सावरलं. "काकवीनं वाचला. पण ह्याला आधी वाटी, मग सुई. खाल्लं नाही तर टोचायच्या आधी मला फोन." तुमच्याही घरी असं मांजर आलं, तर एवढं वाक्य फ्रिजवर लिहून लावा. बाकी हात बसतो.

आता एकच अडचण होती. मुकादम एकटा जेवायचा नाही. शेजारी कोणी बसलं, तरच वाटीत तोंड घालायचा.

हे गेल्यापासून मी ओट्याशी उभ्या उभ्या चार घास गिळत होते. कुणासाठी ताट मांडायचं? आता सकाळ-संध्याकाळ सातला पाट मांडते, भाकरी-आमटी वाढून घेते आणि बसते. मुकादम शेजारी वाटी चाटूनपुसून साफ करतो आणि माझ्या ताटाकडे बघत राहतो. माझा शेवटचा घास झाला, की मी हात धुते आणि सुई भरते.