चोथ्याला बांधलेला दोरा

माझी आत्या चिडकी आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण तिच्याबद्दल बोलायला बसलेला प्रत्येक माणूस तिथूनच सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. ती का चिडते हे विचारायची तसदी कुणी घेत नाही. मला तर हल्ली, ज्यांना कशाचाच राग येत नाही त्यांचाच जास्त संताप येतो.

सव्वीस वर्षं ती एका औषधाच्या कारखान्यात ओवा तपासायचं काम करत होती. कारखाना म्हणजे खाली गोदाम, मधल्या मजल्यावर निवडायची आणि भरायची खोली, आणि सगळ्यात वर मालकांचं बिऱ्हाड. थोरले मालक स्वतः वैद्य. पोटदुखीवरचं त्यांचं चूर्ण दूरदूर जायचं. त्यात निम्मा ओवा, बाकी सुंठ, सैंधव आणि थोडा हिंग. कामावर येणाऱ्या नव्या बाईला ते पहिल्या दिवशी समोर बसवून सांगायचे की ओवा हलका, कोरडा, तिखट आणि उष्ण. तो भूक चाळवतो, अडकलेला वायू मोकळा करतो, पोटातली कळ थांबवतो, छातीतला कफ सुटायला मदत करतो. पण ज्याला मुळातच पित्ताचा त्रास आहे त्याने जपून घ्यावा. आत्याला हे सगळं सांगून झाल्यावर त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, बाई, तुम्ही मात्र ओव्यापासून जरा लांबच राहा. हा किस्सा ती आजही सांगते आणि आजही त्यावर हसत नाही.

तिच्या कामाची एक रीत होती. पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची मूठ काढायची, तळव्यावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि तळवा नाकाशी न्यायचा. ओव्याचं सगळं औषध त्याच्या तेलात असतं, आणि तेल आहे की नाही ते वासाला कळतं. पोतं पसंत पडलं की त्याच्या तोंडाला ती लाल दोरा बांधायची, स्वतःची दुहेरी गाठ मारून. त्या दोऱ्याशिवाय पोतं दळायला जायचं नाही. ओवा चावून बघणं हे नवशिक्यांचं काम समजलं जायचं, कारण चार पोती चावली की जीभ बधिर होते आणि पाचव्याचं काही कळत नाही. कुणी चावताना दिसली की आत्या म्हणायची, चर बाई, चर, थोडं गवतही आणून देते. सगळे तिला नाकवाली म्हणायचे आणि तिला ते आवडायचं.

मागच्या वर्षी तिला ताप आला आणि तापाबरोबर तिला वास येईनासा झाला. हे तिने कुणालाही सांगितलं नाही. मलाही नाही, आणि मी तर तिच्याबरोबर एकाच घरात राहायचे आणि त्याच मजल्यावर, तिच्यापासून चार हातांवर चूर्णाच्या डब्या भरत बसायचे. आज येईल, उद्या येईल म्हणत ती नेहमीसारखा तळवा नाकाशी नेत राहिली आणि नुसता रंग आणि दाणा बघून दोरे बांधत राहिली. मला ह्याचा राग आहे, माझ्या स्वतःच्या आत्याचा राग. ओव्याचं झोंबणं जिभेला कळतं, त्याला नाक लागत नाही. एकदा चावून बघितलं असतं तर तिथल्या तिथे उजेड पडला असता. पण ज्या गोष्टीवरून सव्वीस वर्षं दुसऱ्यांना तोडून बोलली, ती चारचौघींसमोर कशी करणार? मोडेन पण वाकणार नाही, असा तिचा खाक्या.

एका माणसाला मात्र कळलं होतं. थोरल्यांचा मुलगा, आम्ही त्यांना धाकटे म्हणतो, माल खरेदी करायचं काम बघायचे. एका दुपारी आम्ही बाकीच्या जेवायला खाली गेलो होतो. आत्याच्या पाठीमागे तेलकट चिंध्यांचा बोळा धुमसत होता. धूर फार नव्हता, पण जळका वास जिन्यापर्यंत आला होता. धाकटे आत आले तेव्हा आत्या शांतपणे ओव्यातले खडे वेचत होती. त्यांनी बोळा पायाने विझवला, तिच्याकडे बघितलं आणि काही न बोलता निघून गेले. आत्याला वाटलं, भला माणूस, आपली लाज राखली. महिन्याभरात ओव्याचा व्यापारी बदलला.

मग फोन यायला लागले, पत्रं आली. चूर्ण पूर्वीसारखं लागू पडत नाही, दोन चमचे घेतलं तरी कळ थांबत नाही, अशा तक्रारी. आत्या म्हणायची, पथ्य पाळायचं नाही आणि औषधाला नावं ठेवायची. नाचता येईना अंगण वाकडं.

निवडताना खाली सांडलेला ओवा घरी न्यायची आम्हांला मुभा होती. घरच्या डब्यातला जुना ओवा संपून नवा नुकताच सुरू झाला होता, आणि एका सकाळी माझ्या आईच्या पोटात कळ आली. चिमूटभर ओवा, कणभर मीठ, वर कोमट पाणी, हा आमच्याकडचा नेहमीचा उपाय. आई बराच वेळ चावत राहिली आणि मग आत्याला म्हणाली, "वन्सं, हा ओवा आहे की भुसा? जिभेला काहीच लागत नाहीये."

आत्याने आधी तिलाच झापलं. मग स्वतः चिमूटभर तोंडात टाकला, चावला, पुन्हा टाकला. मी तिच्याकडे बघत होते. तिने डबा उचलून माझ्या नाकासमोर धरला.

"वास घे."

"तूच घे की," मी म्हणाले.

"मला येत नाही," ती म्हणाली. "वर्ष झालं."

मी वास घेतला. भिजून वाळलेल्या पोत्याचा येतो तसा वास होता. भरायच्या खोलीत हिंगापुढे मला तो इतके दिवस कळला नव्हता, आणि ती चूक माझी. ओवा भट्टीत वाफवून त्याचं तेल काढून घेतात, ते तेल चांगल्या भावाने जातं आणि मागे राहतो तो चोथा. दिसायला ओव्यासारखाच, फक्त जरा काळपट. तो वाळवून कुणीतरी आम्हांला विकत होतं आणि आम्ही तो दळून, डब्यांत भरून, पोटात कळ आलेल्या माणसांना देत होतो. आईची कळ तासाभराने आपोआप थांबली. सगळ्यांच्या थांबत नाहीत.

आत्या चहाही न घेता निघाली, मी तिच्या मागे. गोदामात दळायला जायची एकतीस पोती लाल दोरे बांधून उभी होती. तिने भिंतीवरची कात्री घेतली. प्रत्येक पोत्याच्या तळाची मूठ काढायची, चारचौघींसमोर चावायची, थुंकायची आणि दोरा कापायचा. एरवी चार पोत्यांत जीभ बधिर होते. त्या दिवशी अठ्ठावीस पोती चावून तिची जीभ ठणठणीत होती. तीन पोती खऱ्या ओव्याची निघाली, त्यांचे दोरे तिने राहू दिले.

धाकटे आले. माझं अंग नुसतं जळत होतं आणि हा माणूस आवाजही न चढवता बोलत होता. "माल मी घेतला, पण पसंत तुम्ही केलात. प्रत्येक पोत्यावर दोरा तुमचा आहे," ते म्हणाले. मग जवळ येऊन हळूच म्हणाले, "आणि मी वर्षभर कुणाला काही बोललो नाही, तेवढं लक्षात ठेवा."

तेव्हा आत्याला सगळं कळलं. तिचं गेलेलं नाक ह्या माणसाने सांभाळून वापरलं होतं. कात्री अजून तिच्या हातातच होती, आणि खरं सांगते, त्या क्षणी तिने ती फेकून मारली असती तरी मी मध्ये पडले नसते.

आरडाओरडा कुणी केला नव्हता, तरी थोरले काठी टेकत खाली आले. आत्याने त्यांच्या तळव्यावर चिमूटभर चोथा ठेवला. ते सावकाश, डोळे मिटून चावत राहिले. मग जमिनीवरचे कापलेले दोरे बघून त्यांनी विचारलं, "ह्याला दोरा कुणी बांधला?"

मला वाटलं, आता आत्या धाकट्यांची सालटी काढणार. आम्ही सगळ्या त्याचीच वाट बघत होतो.

"मी बांधला," ती म्हणाली. "वर्षभर मला वास येत नाही. हे ह्यांना माहीत होतं, म्हणून ह्यांनी चोथा घेतला. पण दोरा माझा."

थोरल्यांनी चोथा खड्ड्यात पुरायला लावला आणि दुकानांतल्या डब्या परत मागवल्या. धाकट्यांना खरेदीवरून काढलं आणि वरच्या खोलीत पंख्याखाली पत्रव्यवहार बघायला बसवलं. आत्याला घरी पाठवलं. चूक दोघांची आणि घरी बसली एकटी ती. बापाचं काळीज असतं म्हणे. असेल, पण मी ते का समजून घ्यायचं? चोर सोडून संन्याशाला फाशी, असं मी घरी म्हणाले, तर आत्या उलट माझ्यावरच खेकसली की मी कसली संन्यासी, मीही त्यातलीच.

दोऱ्याचं रीळ आता माझ्याकडे आहे. मी वास घेते आणि चावूनही बघते. दिवसाला चार पोती. पाचवं दुसऱ्या दिवशी. वरून निरोप येतो की फार वेळ जातो. मी उत्तर पाठवत नाही.

संध्याकाळी आत्या दारातच उभी असते. दमलीस का, काही खाल्लंस का, असलं काही विचारत नाही. "जीभ दाखव," म्हणते. हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवते आणि ओवा चावून जीभ नीट लाल झालेली दिसली की बाजूला सरकते. परवा मी घाईत दोन पोती नुसत्या वासावर बांधली होती. तिने जीभ बघितली आणि म्हणाली, "परत जा."

मला तिचा असा राग आला की बोलायची सोय नाही. तरी गेले. गोदामाला कुलूप लागायच्या आत दोन्ही दोरे सोडले, चावलं, पुन्हा बांधले. घरी आले तेव्हा ती तिथेच, दारात उभी होती. मी जीभ बाहेर काढली, तिने बघितली आणि मला आत येऊ दिलं.